नेटचे पाटकरी

वाटपाची हौस हा स्वतंत्र आजार आहे, आणि तो औदार्यापासून वेगळा ओळखावा लागतो. उदार माणूस आपल्याजवळचं जास्तीचं देतो आणि विसरून जातो. वाटपवाल्याला मुळात जास्तीचं असलेलं आवडतच नाही. वस्तू अपुरी हवी, मागणारे भरपूर हवेत, मधोमध आपण हवे आणि हातात वही हवी. पंगतीत बुंदी मुबलक असते तोवर हा गृहस्थ मांडवाबाहेर तंबाखू मळत उभा असतो. बुंदी कमी पडणार अशी कुजबुज आचाऱ्याकडून निघाली, की बाह्या सारून पुढं येतो, "आणा ते घमेलं इकडं" म्हणतो, आणि शेवटच्या पत्रावळीतसुद्धा चार कळ्या पडतील असा हिशेब जमवतो. त्या पंगतीत कुणाचंच पोट भरत नाही, पण तक्रार करायलाही कुणाला तोंड राहत नाही.

या जातीचा अस्सल नमुना पाहायचा तर शहागडला उतरावं. संभाजीनगरहून सोलापूरकडं जाताना गोदावरीच्या अलीकडच्या काठावर हे गाव लागतं. तालुका अंबड, जिल्हा जालना; पूल ओलांडला की गेवराई तालुका आणि बीड जिल्हा. हमरस्त्यावरचं गाव, त्यामुळं शहागडात राहणाऱ्यांपेक्षा शहागडावरून जाणारेच जास्त. पण पाटकऱ्यांच्या ओट्यावर एकदा टेकलेला माणूस सहसा लवकर उठत नसे. उठता येत नसे, हे जास्त खरं. त्याची पाळी यायची असे.

पाटकरी हा त्यांचा हुद्दा कागदावर नव्हता. कागदावर काहीतरी लांबलचक होतं. पण उभी नोकरी गेली जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर, आणि कालव्यावरचा माणूस लोकांच्या तोंडी पाटकरीच. जायकवाडीची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींनी 1965 साली केली आणि 1976 साली इंदिरा गांधींनी धरण राष्ट्राला अर्पण केलं, हे ते सांगत तेव्हा मधली अकरा वर्षं स्वतः घमेली वाहिल्यासारखं सांगत. डावा कालवा 208 किलोमीटर लांब, उजवा 132. पैठणला सोडलेलं पाणी परभणीकडच्या टोकापर्यंत जायचं असतं. जायचं असतं, एवढंच. वाटेत हेडवाले मोटारी टाकतात, दारं वाकवतात, पाट फोडतात, आणि टेलवाला शेतकरी कोरड्या चारीत उभा राहून खात्याचा उद्धार करतो. पाटकऱ्यांनी नोकरीभर शेजपाळी राबवली, म्हणजे राबवायचा प्रयत्न केला. शेजपाळीचा नियम असा, की पाणी आधी चारीच्या टोकाला द्यायचं आणि मग एकेक शेत करत वर यायचं. कागदावर हा नियम इतका न्याय्य आहे, की कालव्यावर तो चालताना पाहण्याचं भाग्य त्यांना क्वचितच लाभलं.

अशा माणसाच्या हाती निवृत्तीनंतर डायलअप इंटरनेट पडलं.

साल असावं 2006च्या आसपास. देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट 15 ऑगस्ट 1995ला सुरू झालं, बीएसएनएलचं ब्रॉडबँड जानेवारी 2005मध्ये आलं. पण ब्रॉडबँड येणं आणि ते आपल्या दारात येणं यांत मोठं अंतर असे, आणि तांब्याच्या तारेवर ते अंतर मीटरमध्ये मोजलं जाई. एक्सचेंजपासून चार-पाच किलोमीटरच्या पलीकडं त्या तारेत जीवच उरत नसे. पाटकऱ्यांच्या घरी होता साधा टेलिफोन, त्याला जोडलेला एक मोडेम, आणि मुलानं एमएस-सीआयटीच्या उत्साहात घेतलेला कॉम्प्युटर. मुलगा पुढं नोकरीला पुण्याला गेला. कॉम्प्युटर, मोडेम आणि संचारनेटचं तासांचं कार्ड वडिलांच्या ताब्यात आलं.

दुसऱ्या कुणी निवृत्तानं त्यावर पेपर वाचला असता, पत्ते खेळले असते. पाटकऱ्यांनी पहिल्या दिवशी 172233 फिरवला, मोडेमची ती टुंई-टुंई, खर्र, घुंग अशी आरोळी शेवटपर्यंत ऐकली, कोपऱ्यात उमटलेला आकडा वाचला, आणि पहिला प्रश्न विचारला तो असा:

"हे एकालाच कामून?"

पुतण्यानं समजावलं, की काका, मोडेमच्या खोक्यावर 56 लिहिलंय, पण आपल्या लाइनीवर मिळतात 31. म्हणजे सेकंदाला चार केबीसुद्धा नाही. एक एमबी उतरवायला चार-साडेचार मिनिटं. एकालाच पुरत नाही. "एकालाच पुरत नाही" हे शब्द ऐकून पाटकऱ्यांचा चेहरा उजळला, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

पुढच्याच आठवड्यात ते औरंगाबादेत (तेव्हा नाव तेच होतं) जाऊन वायरलेस राउटर घेऊन आले. दुकानदारानं रीतीप्रमाणं विचारलं, ब्रॉडबँड कुठल्या कंपनीचं? ब्रॉडबँड नाही, मोडेम आहे, फोनचा. मग साहेब, राउटर कशाला? "वाटायला," पाटकरी म्हणाले. दुकानदारानं हिताची गोष्ट सांगितली: या राउटरला पाठीमागं आहेत ती जाड वायरीची भोकं, टेलिफोनची बारीक वायर त्यात बसत नाही. तुमचा मोडेम याला जोडताच यायचा नाही. हिताची गोष्ट सांगणारे अधिकारी पाटकऱ्यांनी आयुष्यभर पाहिले होते. त्यांनी पैसे मोजले आणि एसटी पकडली.

मोडेम राउटरला जोडायचा नसतोच. तो कॉम्प्युटरला जोडायचा आणि कॉम्प्युटरनं वाटायचं. विंडोजमध्ये ही सोय 98च्या दुसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे 1999पासून होती. एक्सपीत तर ती तीन चौकटींवर खुणा करण्याइतकी सोपी. पहिली खूण: या कॉम्प्युटरच्या जोडणीतून इतरांना इंटरनेट वापरू द्या. पाटकऱ्यांनी ती इतक्या जोरात केली, की माउस टेबलावरून खाली गेला. दुसरी: कुणीही इंटरनेट मागितलं, की आपोआप फोन लावा. तीही केली, तिचे परिणाम पुढं येतीलच. तिसरी: इतरांना ही जोडणी बंद-चालू करू द्या. इथं पाटकरी थांबले. त्यांनी ते वाक्य पुतण्याकडून दोनदा वाचून, अर्थ लावून घेतला.

"म्हणजे गेटाची चावी शेतकऱ्याच्या हातात?"

"तसंच काहीतरी."

"ती खूण काढ."

खूण नव्हतीच, पण ती काढल्याचं समाधान त्यांना मिळू दिलं.

तरी नेट चालेना. राउटर लावला, कॉम्प्युटरशी वायरनं जोडला, चार भोकांच्या रांगेतल्या भोकात, वेगळ्या ठेवलेल्या पाचव्यात नव्हे, सगळं पुस्तकाबरहुकूम, आणि तरी मागच्या खोलीतला पुतण्याचा लॅपटॉप कोरडा. दोन दिवसांनी कारण सापडलं. विंडोज वाटप करायला बसतो तेव्हा स्वतःला 192.168.0.1 हा पत्ता घेतो, आणि राउटरही कारखान्यातून तोच पत्ता घेऊन आला होता. पुतण्या हे तांत्रिक भाषेत सांगत होता, पाटकऱ्यांच्या मात्र पहिल्याच वाक्यात ध्यानात आलं: "एका गट नंबरावर दोन मालक!" अशी प्रकरणं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. राउटरला 200 नंबर देण्यात आला, पत्ते वाटायचा त्याचा अधिकार काढून घेण्यात आला, आणि वहीच्या पहिल्या पानावर नोंद झाली: 'फेरफार मंजूर.'

आता या व्यवस्थेतली गंमत बघा. राउटरपासून लॅपटॉपपर्यंत हवेतून जाणारा वेग खोक्यावर होता 11 मेगाबिट. आणि घराबाहेर पडायचा रस्ता 31 किलोबिटचा. घरातल्या घरात साडेतीनशे पट रुंद हमरस्ता, आणि वेशीवर एका माणसापुरतं दार. कुणीही शहाणा माणूस याला वेडेपणा म्हणेल. पण शहाण्यांचाही इतिहास तपासावा. ॲपलनं 1999 साली घरगुती वायरलेसचं आपलं पहिलं यंत्र आणलं त्याच्या पोटात 56चा टेलिफोन मोडेमच होता. स्टीव्ह जॉब्झनं न्यूयॉर्कच्या मंचावर लॅपटॉपभोवती हुला हुपची रिंग फिरवून दाखवली होती, बघा, वायर नाही. पुतण्यानं ही हकिकत सांगितली तेव्हा पाटकऱ्यांनी शांतपणे विचारलं, "टेलला किती पोचत होतं, ते सांगितलं का त्यानं?"

टेल. इथून त्यांची खरी कारकीर्द सुरू झाली.

जोडणीदार चार झाले. हेडला खुद्द पाटकऱ्यांचा कॉम्प्युटर. मागच्या खोलीत पुतण्या, त्याचं ऑर्कुट आणि स्पर्धा परीक्षांचे फॉर्म. भिंतीला भिंत लागून खताचं दुकान. दुकानदाराला रेडिफमेल बघायचा असे. आणि रस्त्यापलीकडं मोसंबीचा व्यापारी, ज्याला दिल्लीच्या आझादपूर मंडीतला भाव कळला नाही तर जेवण जात नसे. हा झाला टेल. मध्ये रस्ता, रस्त्यावर उसाच्या गाड्या, समोर पत्र्याची शेड. पत्र्याला या लहरी पार होत नाहीत. पुतण्यानं दूध पावडरचा गोल डबा, नऊ सेंटीमीटर व्यासाचा, बाजूनं भोक पाडून तांब्याची काडी बसवून अँटेना केला आणि व्यापाऱ्याच्या खिडकीकडं तोंड करून गच्चीच्या कठड्याला बांधला. हा उद्योग बेकायदा तर नाही ना, अशी शंका व्यापाऱ्याला आली. पाटकऱ्यांनी ती निकालात काढली: सरकारनं 2005च्या जानेवारीत या लहरींचा परवाना माफ केलाय, राजपत्रात आहे. कुठल्याही गोष्टीची परवानगी आहे की नाही हे आधी बघून मगच नियम मोडायचा, असं खात्यातलं शिक्षण.

एवढी जुळणी झाल्यावर आपल्याला वाटेल, की चौघं आपापल्या जागी बसून नेट वापरू लागले. छे! चौघांनी एकदम वापरलं तर प्रत्येकाला सेकंदाला एक केबी. "त्यानं वाफसासुद्धा येत नाही," पाटकरी म्हणाले आणि त्यांनी आवर्तन जाहीर केलं. आधी टेल: मोसंबीवाला, सकाळी सात ते साडेसात. मग खतवाला. मग पुतण्या. मग हेड, म्हणजे स्वतः. खात्यात जे राबवता आलं नाही ते इथं चोख राबू लागलं; कारण इथं हेडवाला चोरी करत नव्हता, हेडवाला तेच होते.

आणि अर्ज. पाण्यासाठी शेतकरी नमुना नंबर 7चा अर्ज भरतो, हे कालव्याकाठी पोरालासुद्धा ठाऊक असतं. पाटकऱ्यांकडं निवृत्तीनंतरही जुन्या कोऱ्या फॉर्मांचा एक गठ्ठा शिल्लक होता. त्यांनी त्यावर दुरुस्त्या केल्या. 'पिकाचे नाव' खोडून 'काम', 'क्षेत्र' खोडून 'मिनिटे'. 'मागील थकबाकी' तेवढी तशीच ठेवली. खतवाल्यानं पहिल्यांदा पिकाच्या जागी 'रब्बी' लिहिलं, तर अर्ज परत आला. पैसे मात्र त्यांनी कधी घेतले नाहीत. कुणी दहाची नोट पुढं केली, की दुखावल्यासारखे होत. "पैसे कोन मागायलाय? सही करा." त्या सहीत त्यांची सगळी पट्टी वसूल होत असे. आणि फोनचं बिल? ते दोन महिन्यांनी येई, काकू पाकीट आधी उघडून पाहत, आणि त्या दिवशीच्या भाजीला मीठ जास्त असे.

काकूंचा या योजनेत वाटा वेगळाच होता. टेलिफोनची तार एकच, आणि तिचं एक टोक स्वयंपाकघरात. व्यापाऱ्याला दिल्लीचा भाव उतरत उतरत निम्मा आलेला असायचा, आणि काकू गेवराईच्या बहिणीला फोन लावायला रिसीव्हर उचलायच्या. कानात खस्स्स. "आवो, लाइन खराब झाली!" आणि रस्त्यापलीकडून ओरड: "साहेब, पानी तुटलं!" पाटकरी दोन्हीकडं हात दाखवत मधल्या दारात उभे. त्यांनी स्वयंपाकघरातल्या फोनवर लाल रंगाचं 'आवर्तन चालू' असं पुठ्ठ्याचं पाटुकलं टांगलं. काकूंनी त्याच पुठ्ठ्यानं दोन दिवस चूल फुंकली आणि तिसऱ्या दिवशी चुलीतच घातलं. अखेर तडजोड झाली: दुपारी दोन ते चार लाइन माहेरची.

दुसऱ्या खुणेचा परिणाम म्हणालो होतो तो असा. कुणी नेट मागितलं की कॉम्प्युटर आपोआप फोन लावायचा. पण मागणारा माणूसच असतो असं नाही. पुतण्याच्या लॅपटॉपमधल्या अँटीव्हायरसला मध्यरात्रीनंतर नवी औषधं आणायची लहर यायची. तो मुकाट्यानं हवेतून हाक मारायचा, आणि पुढच्या खोलीत काळोखात मोडेम किंचाळून उठायचा. पहिल्या रात्री काकूंनी मुसळ उचललं. पाहुणा म्हणून झोपलेला मेहुणा उठून थेट परसदारी गेला, तो उजाडल्यावर आला. मोडेमचा आवाज बंद करता येतो, एका आज्ञेचं काम आहे, असं पुतण्यानं हजारदा सांगितलं. पाटकरी ऐकेनात. गेट उघडल्याचा आवाज आला नाही तर पाणी कुणी सोडलं हे कळणार कसं? उलट त्यांनी रात्रीची नोंद सुरू केली: '2.40 वाजता विनाअर्ज पाणी, मागणीदार अज्ञात, पाहणी केली असता लॅपटॉप.'

विनाअर्ज पाण्याचं प्रकरण एकदा फार गाजलं. पुतण्यानं आपल्या पाळीत फॉर्म भरायचा म्हणून अर्ज दिला आणि एक गाणं उतरवायला लावलं. पाच एमबी. म्हणजे, काही अडलं-तुटलं नाही तर, बावीस मिनिटं. पाळी पंचवीस मिनिटांची. फॉर्म तर भरलाच गेला नाही, वर गाणं सतरा मिनिटांनी अडकलं, कारण काकूंना चिंचेचा भाव विचारायचा होता. पाटकऱ्यांनी पंचनामा केला. पंच म्हणून खतवाला आणि मी. पंचनाम्यात 'अंदाजे चार एमबी पाणी वाया' असं लिहून आमच्या सह्या घेतल्या. पुतण्या म्हणाला, गाणं दोघं मिळून ऐकू, काका. अर्धवट उतरलेलं गाणं पाटकऱ्यांनी ऐकलं, मान डोलावली, आणि दंड म्हणून त्याची दोन दिवसांची पाळी मोसंबीवाल्याला दिली. मोसंबीवाला त्या दोन दिवसांत दिल्लीचा भाव इतक्या वेळा बघायला लागला, की भाव बदलत नाही म्हणून त्याचा जीव जाऊ लागला.

पण त्यांचा खरा दिवस असे दहावी-बारावीच्या निकालाचा. वर्षभर चार जोडणीदार असलेल्या त्या ओट्याला त्या दिवशी सगळं गाव जोडलं जाई. पोरं, बाप, मामा, शेजारच्या वस्तीवरून सायकलवर आलेली, हातात घामानं भिजलेली बैठक क्रमांकांची चिठ्ठी. दुपारी साइट उघडायची, आणि त्याच मिनिटाला सगळा महाराष्ट्र तिच्यावर तुटून पडायचा. पाटकरी त्या दिवशी धुतलेला पांढरा शर्ट घालत. आदल्या रात्रीच ब्राउझरमधली चित्रं बंद केलेली: "चित्रात लई पानी जातंय. आपल्याला आकडे पाहिजेत." पोरांना ते रांगेनं बसवत आणि सर्वांत लांबून आलेल्याला पहिला नंबर देत. एकदा गावातल्या एका वजनदार माणसाचा पोरगा मोटारसायकलवरून उतरून थेट कॉम्प्युटरपाशी गेला. पाटकऱ्यांनी खुर्चीवरून न उठता विचारलं, "घर कुठं?" "हे काय, पलीकडच्या गल्लीत." "मंग तुम्ही हेडला. बसा." तो बसला. कालव्यावर असं एकदा तरी म्हणायला मिळावं म्हणून तीस वर्षं तळमळलेला माणूस त्या दिवशी किती शांतपणे बोलला, ते ऐकायला हवं होतं.

इथं माझं एक मत सांगतो. पाटकऱ्यांना पुष्कळ लोक सत्तेचा भुकेला म्हणत, आणि वही, सह्या, फॉर्म पाहून मलाही कधी ते पटे. पण ज्या माणसाला नुसती सत्ता हवी असते तो हेडच्या माणसाला खूश ठेवतो. टेलच्या माणसाच्या सलामाला किंमत नसते. पाटकरी रोज सकाळी सातला गच्चीवर जाऊन तो डब्याचा अँटेना पुसत. पावसाळ्यात त्यावर प्लास्टिकची पिशवी घालत. आणि खाली येऊन रस्त्यापलीकडं हाक मारत: "आलं का?" पलीकडून "आलं, आलं" असा जबाब येईपर्यंत चहा घेत नसत.

भारनियमनाचा अध्याय सांगायचा तर पान पुरणार नाही. त्या वर्षांत खेड्यापाड्यांतून दिवसाचे निम्मे तास वीज नसे. इन्व्हर्टर होता, त्यावर एक पंखा चाले किंवा कॉम्प्युटर आणि राउटर. पाटकऱ्यांनी काय निवडलं असेल हे सांगायला नको, आणि काकू त्या उन्हाळ्यात गेवराईला का राहिल्या हेही.

मग काळ बदलला. डोंगल आले, थ्रीजी आलं, आणि सप्टेंबर 2016मध्ये जिओ आलं. ज्या मोसंबीवाल्याला सकाळी सातला अर्धा तास मिळायचा त्याच्या खिशात आझादपूर मंडी बसली. पुतण्या नोकरीला लागला. निकालाच्या दिवशी पोरं घरीच पलंगावर लोळत नापास होऊ लागली. रस्ता चौपदरी झाला, गाड्या आणखी वेगानं शहागडावरून जाऊ लागल्या. वाटायला काही उरलं नाही, कारण कमी काहीच नव्हतं. पाटकरी थोडे दिवस व्हॉट्सॲपवर सकाळचे संदेश वाटत होते. पण ती बुंदी सगळ्यांच्याच घरी उतू जात होती. मुलानं घरात फायबरची जोडणी घेऊन दिली, 100 एमबीची. पाटकऱ्यांनी वेग मोजला, आकडा पाहिला आणि म्हणाले, "मंग आता काय करायचं?"

त्यांना वाचवलं ते कंपन्यांनीच. मोबाइलच्या पॅकमध्ये रोजचे दीड जीबी असतात. गावातल्या पोरांचे ते संध्याकाळपर्यंत रील बघण्यात संपतात, आणि संपले की वेग उतरतो 64 किलोबिटवर. ही बातमी पाटकऱ्यांना एका पोरानं तक्रारीच्या सुरात सांगितली. ते ताडकन उठून बसले.

"किती म्हनलास?"

"चौसष्ट, काका. काहीच चालत नाही."

"म्हणजे कंपनीनं पाळी लावली!"

त्याच रात्री त्यांनी पुण्याला मुलाला फोन लावला आणि नव्या राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळी चारी काढायची सोय आहे का, तिच्यावर दार बसवता येतं का, दार किती उघडायचं ते ठरवता येतं का, हे विचारून घेतलं. सगळ्याचं उत्तर हो आलं. दुसऱ्या दिवशी ओटा झाडून घेतला. जुन्या पेटीतून फॉर्मांचा गठ्ठा निघाला. वाळवीनं कडा खाल्लेल्या, पण 'मागील थकबाकी'चा रकाना शाबूत.

आता संध्याकाळी सातनंतर तिथं पाच-सहा पोरं बसलेली असतात. कंपनी 64 देते, पाटकरी 80 देतात. परवा मी गेलो तेव्हा एक नवा पोरगा हुज्जत घालत होता.

"काका, तुमच्याकडं तर शंभर एमबी हायेत ना? मंग ऐंशी केबी कामून?"

"तू कुठं बसायलास?"

"हे काय, तुमच्या दारातच."

"मंग तुझा नंबर शेवटी," पाटकरी वहीतून मान वर न करता म्हणाले. "शेजपाळी हाये. टेलला आधी."

पोरानं फोनकडं पाहिलं, रस्त्याकडं पाहिलं, आणि चपला हातात घेऊन रस्ता ओलांडून मोसंबीवाल्याच्या ओट्यावर जाऊन बसला.

पाटकऱ्यांनी खिडकीतून ओरडून विचारलं, "आलं का?"